दादाला न सांगितलेले तेरा दिवस

आई गेली तेव्हा मी रडले नाही. लोकांना वाटलं, पोरगी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते. आत काही हलतच नव्हतं, एवढंच. बधिर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे, कारण तो दादाला लागू होता. त्या दिवसांत तो मला जास्त लागू होता.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. वसईजवळ गिरीजला आमची वाडी आहे, केळी, नारळ, थोडा मोगरा आणि पाऊस सरला की भाजी. बाबांनी त्याला मुंबईच्या एका मूकबधिर शाळेत घातलं, तिथल्याच वसतिगृहात ठेवलं. सातवीपर्यंत शिकला. लिहाय-वाचायला आलं, हातांची भाषा आली. सुट्टीत घरी आला की त्या भाषेत आमच्यापैकी प्रत्येकाचं नाव ठेवायचा. बाबा म्हणजे मिशी. आई म्हणजे नाकातली चमकी. मी म्हणजे खांद्यावरच्या दोन वेण्या. आज माझे केस मानेपर्यंत कापलेले आहेत, तरी त्याच्या भाषेत मी वेण्यांवालीच.

पंधरा-सोळा वर्षांचा झाला तशी संध्याकाळ झाली की तो अडखळायला लागला. उंबऱ्याला ठेच, बादलीला लाथ, भरल्या तांब्याला धक्का. बाबा चिडायचे. "लक्ष कुठे असतं याचं!" ओरडलेलं त्याला ऐकू जात नसे, म्हणून मग हात उगारला जाई. आईही म्हणायची, धसमुसळा आहे. मीही तेच धरून चालले होते.

आमच्याकडे सुकेळी करतात. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी गोळा करायची, परत सकाळी मांडायची. मी वीस वर्षांची असेन. अंगणभर चटया पसरून मी केळी मांडली होती आणि दादा नारळाची झावळी ओढत आला तो थेट चटयांवरून चालत गेला. चार दिवसांची मेहनत त्याच्या टाचांखाली. मी धावत जाऊन त्याच्या थोबाडीत मारली. पंचवीस वर्षांच्या माणसाच्या. तो उभा राहिला. मग हातांनी म्हणाला, "नव्हतं." पुन्हा, "इथे काही नव्हतं." मला वाटलं खोटं बोलतोय. दुपारचं लख्ख ऊन होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "यांना नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. समोरचं तेवढं. पायाखालचं, बाजूचं नाही. ती नळीही हळूहळू बारीक होत जाणार." कान आणि डोळे दोन्हींचं मूळ एकच होतं, जन्मतःच आलेलं. आईने विचारलं, "चष्मा?" डॉक्टर नाही म्हणाले.  मी थोबाडीत मारली होती ते तिला आठवत होतं की नाही, मी विचारलं नाही.

दादाची चाळिशी आली तेव्हा नळी पूर्ण मिटली होती. तोवर बाबाही गेले होते.

तेव्हा एक गोष्ट झाली ती आमच्या लगेच ध्यानात आली नाही. दादाला बोलता येत होतं. हात होते, खुणा होत्या, त्या आम्हाला दिसत होत्या. पण आम्ही उत्तर दिलेलं त्याला दिसत नव्हतं. तो विचारायचा आणि वाट पाहायचा. आम्ही हातांनी उत्तर द्यायचो, हवेत. चार-पाच महिने त्या घरात त्याला कुणीही उत्तर दिलं नाही. मग एके दिवशी आईने त्याचा तळवा आपल्या मांडीवर घेतला आणि बोटाने त्यावर आ काढला. मग ई. दादाने तिच्या नाकाला हात लावला. चमकी होती. आईची शाळा चौथीपर्यंतची. तिने आपली युक्ती आपणच बसवली. शिरोरेघ मारायची नाही, एका वेळी एकच अक्षर, शब्द संपला की तळव्यावर एक थाप, नुसतीच थाप म्हणजे हो. कळलं नाही की दादा दुसऱ्या हाताने तळवा पुसायचा. पुन्हा काढ.

रोज संध्याकाळी दोघं मागच्या पडवीत बसत. तासभर. मला वाटायचं, माय-लेक वेळ घालवतायत. मी वसईच्या एका शाळेच्या ऑफिसात होते, अजून आहे. नऊला निघायचं, साडेपाचला परत. लग्न झालं नाही. दोनदा जमत आलं होतं, दोन्ही वेळा पाहुण्यांनी दादाला पाहिलं आणि नंतर निरोप आला. त्याचंही मला फार काही वाटलं नाही, किंवा वाटून गेलं असेल. दादाशी माझं बोलणं म्हणजे जेव, ऊठ, थांब, अंघोळ. त्याला दंडाला धरून न्यायचं, दंडाला धरून बसवायचं.

आईला ताप आला, मग धाप लागायला लागली. दवाखान्यात ठेवलं. मी दादाच्या तळव्यावर लिहिलं, आई दवाखाना ताप. तो रोज विचारायचा, कधी? मी लिहायचे, उद्या. पाचव्या दिवशी सकाळी आठला आई गेली. मी शेजारी स्टुलावर बसले होते. नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं की झालं.

साडेदहाला तिला घरी आणलं. मामा आधीच येऊन सगळं पाहत होते. ते निवृत्त मास्तर, त्यांचा शब्द घरात चालायचा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला आत्ता सांगू नकोस. झेपणार नाही त्याला. एवढ्या माणसांत उठून काही करायला लागला, तर आवरणार कोण?"

मी म्हणाले, "बरं."

किती पटकन म्हणाले ते अजून आठवतं. कुणीतरी ठरवून दिलं याचं बरंच वाटलं असणार.

दादाला मागच्या खोलीत खाटेवर बसवलं होतं. मी तिथे साडी बदलायला गेले तर त्याने माझं मनगट धरलं. मान वर करून तो वास घेत होता. हातांनी विचारलं, "माणसं? खूप?" मी त्याच्या तळव्यावर लिहिलं, पाहुणे. त्याने माझी बोटं नाकापाशी नेली. उदबत्तीचा वास होता त्यांना. मग त्याने आपल्या नाकपुडीवर बोट ठेवलं. "आई?"

मी लिहिलं, द, वा, खा, ना. एकेक अक्षर सावकाश काढलं, त्याला नीट कळावं म्हणून.

भिंतीच्या पलीकडे आई होती. मधे फक्त एक भिंत होती. मी साडी बदलून बाहेर गेले. अग्नी काकांच्या मुलाने दिला. तोही आईच्या अंगाखांद्यावर वाढलेला, म्हणून कुणाला त्यात काही खटकलं नाही. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी दारात उभी राहिले. सगळे गेल्यावर बायकांनी लादी धुतली. दादाच्या पायांना ओल लागली. त्याने विचारलं, "आज का धुतलं?" मी उत्तर दिलं नाही. त्याच्या तळव्याला हात लावला नाही म्हणजे उत्तर नाही, इतकं ते सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी मामा आणि काकांचा मुलगा कळंबच्या किनाऱ्याला जाऊन अस्थी समुद्रात सोडून आले. घरात चूल पेटत नव्हती, शेजारून जेवण येत होतं. दादा घास तोंडात धरून बसायचा. "आईचं नाही," म्हणायचा. मी लिहायचे, उद्या. सांगायचं होतं. बाराव्यानंतर सांगू, पाहुणे गेले की सांगू, असं मामा म्हणत होते आणि मी मान डोलावत होते. एकदा मी त्याच्या शेजारी जाऊन बसलेही. त्याने लगेच तळवा पुढे केला. मी तो धरला, आणि काय लिहायचं ते डोक्यात असूनही बोट हललं नाही. शेवटी जेव असं लिहून उठले.

मोगऱ्याच्या कळ्या तोडणं आणि हार ओवणं हे दादाचं काम. डोळे गेल्यावरही त्याची बोटं कळी फुगली की नाही ते ओळखतात. बाबांच्या फोटोला तिथीला तोच हार करतो. दर पाचव्या फुलाला तो दोऱ्याला उलटी गाठ मारतो, तशी कुणी मारत नाही. तेराव्याच्या दिवशी सकाळी मावशीने त्याच्यापुढे फुलांची टोपली ठेवली. कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. लांब हार केला, नेहमीपेक्षा.

जेवणं झाली, माणसं पांगली. दुपारी दादा भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीत आला. तिथे एक टेबल जागचं हलवलं होतं म्हणून त्याला भिंतीच्या कडेने यावं लागलं. बाबांचा फोटो त्याच्या हाताला लागला. पुढे सरकला तर दुसरी चौकट लागली. तो थांबला. त्याने काचेवर हात फिरवला, मग हारावर. एकेक फूल चाचपत तो गाठीपर्यंत पोहोचला. पुढच्या गाठीपर्यंत पोहोचला.

मी सोफ्यावर बसून हे बघत होते. उठले नाही.

तो वळला. मी कुठे आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने खोलीच्या मधोमध उभं राहून विचारलं. नाकपुडीवर बोट. मग हाताने चौकट दाखवली. मग परत नाकपुडीवर बोट. मी त्याच्याजवळ गेले, तळवा हातात घेतला आणि हो म्हणून एक थाप मारली. कधी, त्याने विचारलं. मी तेरा लिहिलं. तो तळवा पुसणार असं वाटलं, पण त्याने पुसला नाही. "मी कुठे होतो?" त्याने विचारलं. मी लिहिलं, आत.

त्याने दोन्ही हात मागे घेतले आणि काखेत दाबून धरले.

आपण डोळे मिटले तरी कान उघडे राहतात. त्याच्याकडे झाकायला हातच होते, ते त्याने झाकले. त्यानंतर जवळजवळ चार महिने त्याने मला तळवा दिला नाही. ताट पुढे ठेवलं की जेवायचा. अंघोळीला, वाडीत, सवयीने आपला आपण जायचा. मी हाताला हात लावला की हात काखेत. तो रडला का, मला माहीत नाही. मी कामाला जात होते. फी-पावत्या, दाखले, हजेरीपट. शाळेत बाई म्हणाल्या, "सावरलीस हो तू." मी हो म्हणाले.

मामांनीच सुचवलं की दादाचा अपंगत्वाचा दाखला करून ठेव, पुढे लागेल. एका शिबिरात गेलो. दोन रांगा होत्या, एक डोळ्यांची, एक कानांची. खिडकीतल्या माणसाने कागद बघून विचारलं, "आंधळे आहेत की बहिरे?"

"दोन्ही."

"तसं नाही, एक काहीतरी सांगा. मी कुठल्या रांगेत पाठवू?"

मी दोन्ही रांगांकडे पाहिलं. दादाला दंडाला धरलं होतं, आणि तो दंड आखडून उभा होता. तेवढ्यात मागून एक बाई पुढे आल्या. तिशीतल्या असतील, खांद्याला कापडी पिशवी. खिडकीतल्या माणसाला त्यांनी सांगितलं की दोन्ही असणाऱ्यांची वेगळी नोंद होते, आणि कुठल्या कागदावर तेही दाखवलं. त्या एका संस्थेकडून याच कामासाठी फिरत असत. मग त्या दादाला बसवायला पायरीकडे घेऊन गेल्या. घेऊन गेल्या म्हणजे त्यांनी त्याला धरलं नाही. आपल्या हाताची पाठ त्याच्या कोपराला टेकवली आणि थांबल्या. किती वेळ! मला संकोच वाटायला लागला. दादाचे हात काखेत होते. मग एक हात हळूच सुटला आणि खाली आला, तेव्हा त्यांनी आपला हात त्याच्या हाताखाली सरकवला. वरून नाही, खालून. नको वाटलं तर त्याला हात उचलता यावा म्हणून, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांच्या मनगटात जाड कडं होतं. ते त्याला चाचपू दिलं. ही त्यांची ओळख. मग त्यांच्या हाताने त्याच्या हाताखाली खुणा केल्या, त्याच्या शाळेतल्या भाषेतल्या. त्याच्या बोटांना त्या कळल्या. दादाच्या भुवया वर गेल्या. डोळे गेल्यापासून त्याच्याशी त्या भाषेत कुणी बोललं नव्हतं.

त्या नालासोपाऱ्याला राहायच्या. मूळच्या जळगावकडच्या, बोलताना हिंदी मिसळायचं. दर गुरुवारी संध्याकाळी यायला लागल्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला ताई. दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "ताई, ते तुम्हाला हात का देत नाहीत?"

मी सांगितलं. पाहुणे लिहिलं ते, दवाखाना लिहिलं ते, हार, सगळं. तोवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी मला धीर दिला नाही की बोल लावला नाही. म्हणाल्या, "मग आता सांगा त्यांना."

"सांगितलं की. कळलंय त्याला."

"कळलंय. पण ते तिथे नव्हते ना. त्यांना त्या दिवसात घेऊन जा."

"तो दिवस गेला, मॅडम. आता कुठला आणू?"

"तुम्ही होता ना तिथे? मग तुमच्याकडे आहे तो."

रविवारी सकाळी त्या मुद्दाम आल्या. आधी त्यांनी दादाला विचारलं, बहीण सांगेल, ऐकशील का. त्याचा हात काखेकडे गेला. मग हात मोकळा मांडीवर ठेवला. मी शेजारी बसले. मॅडमनी शिकवलं होतं तसा माझा हात त्याच्या हाताखाली नेला, खांद्यावर नेऊन वेण्यांची खूण त्याला दिली, म्हणजे मी आहे. मग तळव्यावर लिहिलं, मी खोटं सांगितलं. त्याचा हात कडक झाला, पण काढला नाही.

मग सगळं सांगितलं. आईला कुठल्या खाटेवर ठेवलं होतं, खिडकी कुठल्या बाजूला होती. जाण्याच्या आदल्या दिवशी ती काय बोलली तेही. ती म्हणाली होती, बावखलाकडच्या केळीचा घड भारी झालाय, टेकू द्यायला सांग. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं, त्याच्या काठाला केळी आहेत. हे सांगायचं मी विसरूनच गेले होते. दादाने मान हलवली. "दिला होता," तो म्हणाला, "त्याच दिवशी. हाताला कळलं."

किती वाजता आणलं, कोण कोण आलं, कुणी आंघोळ घातली, कुठलं लुगडं नेसवलं. त्याने लुगड्याचा काठ विचारला. मी कपाटातून त्याच जोडीचं दुसरं आणून दिलं. त्याने काठावर बोट फिरवलं. मग विचारलं, "कुठे ठेवलं?" बाहेरच्या खोलीत, मी लिहिलं. "दाखव."

आम्ही बाहेरच्या खोलीत गेलो. डोकं भिंतीकडे, पाय दाराकडे. मी त्याचा हात लादीवर ठेवून दाखवलं, इथून इथपर्यंत. त्याला पुरेसं वाटलं नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. झोप.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या दाराशी उभ्या होत्या, तोंड बाहेर केलेलं.

मी झोपले. डोकं भिंतीकडे, पाय दाराकडे, हात छातीवर. लादी गार होती. पंख्याच्या पात्यांवर जाळी धरली होती, ती मला दिसत होती. दादा डोक्याशी बसला. कपाळावरून हात फिरवला. डाव्या नाकपुडीवर बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं, तरी बोट तिथेच राहिलं. मग हात, मग गुडघे. सरकत सरकत पायांपाशी गेला आणि त्याने माझ्या पायांवर डोकं टेकलं. धाकट्या बहिणीच्या. मला पाय ओढून घ्यावेसे वाटले, पण ते माझे नव्हते, म्हणून घेतले नाहीत. त्याचा श्वास बोटांना लागत होता, गरम. पाय ओले झाले. मला रडू आलं नाही. पण ते गरम आणि ते ओलं कळत होतं, एवढं आठवतं. कितीतरी महिन्यांत मला असं काही कळलं नव्हतं.

उठल्यावर त्याने विचारलं, अग्नी कुणी दिला. मी सांगितलं. त्याने आपल्या केसांवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सांगण्यावरून न्हाव्याला घरी बोलावलं. न्हावी दाढीचा ब्रश हातात धरून म्हणाला, "आता? चार महिन्यांनी?" मी म्हणाले, "त्याला काल कळलं." न्हाव्याने ब्रश पाण्यात बुडवला. मामांनी फोनवर विचारलं, शास्त्रात बसतं का हे. मी म्हणाले, बसत नसेल.

पुढच्या रविवारी दादाला घेऊन कळंबला गेले. रिक्षा किनाऱ्याच्या तोंडाशी सोडली. तो माझ्या कोपराला धरून अर्धं पाऊल मागे चालत होता, मी त्याला धरलेलं नव्हतं. तेही मॅडमनी शिकवलेलं. गुडघाभर पाण्यात उभे राहिलो. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, तेव्हा तो जरा हलायचा आणि परत उभा राहायचा. "इथे?" त्याने विचारलं. मी लिहिलं, इथे. नेमकं इथेच की पुढे, मला ठाऊक नव्हतं. मग मी पुसून पुन्हा लिहिलं, माहीत नाही, इथेच कुठेतरी. खरं ते लिहिलं.

वर येऊन टपरीवर चहा घेतला. कप संपवल्यावर त्याने माझा तळवा ओढला आणि त्यावर लिहिलं. तो कधी लिहीत नाही, खुणाच करतो, म्हणून मला वाचायला वेळ लागला. तू पण नव्हतीस.

मी विचार केलाच नव्हता. स्मशानात नाही, कळंबला नाही. मलाही दारातच ठेवलं होतं. मी हो म्हणून थाप मारली. आम्ही अजून एकेक चहा घेतला.

म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. नंतर बरेच महिने मी काही सांगितलं की तो पडताळून पाहायचा. मावशी आली म्हटलं तर मावशीच्या बांगड्यांना हात लावून बघायचा. पाऊस पडतोय म्हटलं तर पडवीतून हात बाहेर काढायचा. मला वाईट वाटत नसे. तसंच हवं, असं वाटायचं.

घरात बदल झाले ते मॅडमच्या सांगण्याने. टेबल एकदा ठेवलं की हलवायचं नाही. मागच्या दारापासून मोगऱ्यापर्यंत कमरेइतका दोर बांधला, वळण आलं की त्याला गाठ. त्याच्याजवळून निघताना निघते म्हणून सांगायचं, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो. हे असं कितीदा झालं असेल, देव जाणे. पण एक गोष्ट मला जड गेली. एका गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्यांना फक्त कामं सांगता. उठा, जेवा, झोपा. बातमी कुठे आहे?"

"कसली बातमी?"

"तुमच्या आई काय सांगायच्या तासभर?"

मला माहीत नव्हतं. दादाला विचारलं तर तो हातांनी भराभर सांगायला लागला. शेजारच्यांच्या गाईला वासरू झालं ते. रस्त्यावर नवा दिवा लागला ते. चर्चमधल्या लग्नात बँड होता ते, आणि बँडवाल्यांचे डगले कुठल्या रंगाचे होते ते. माझ्या ऑफिसात नवीन हेडबाई आल्या आणि त्यांचं माझं पटत नाही, हेही. माझं सगळं त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी पडवीत त्याच्या शेजारी बसले तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. दिवसभरात काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. तो तळवा पुढे करून बसायचा. मग मी येताना बघायला लागले, काहीतरी न्यायला हवं म्हणून. वडाच्या फांद्या तोडल्या. पाववाल्याने सायकलला नवीन भोंगा बसवला. एका पोराने फीच्या पावतीवर घोडा काढला. सुरुवातीला ते ओझं वाटायचं, भाजी आणायची तसंच हेही. आता सवय झाली आहे. कधीकधी मी लिहीत असते आणि दादा मधेच तळवा मिटतो. हसत असतो.

मागच्या हिवाळ्यात मॅडमनी आम्हाला नालासोपाऱ्याला बोलावलं. एका इमारतीच्या तळमजल्यावर हॉल होता, तिथे महिन्यातून एकदा अशी माणसं जमतात. विरारहून एक गृहस्थ आले होते, दादापेक्षा जरा लहान. पूर्वी शिंपीकाम करायचे. तेही जन्मापासून ऐकत नाहीत आणि डोळे पुढे गेले. त्यांची बायको त्यांना सोडून बाजारात गेली. मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवलं, एकमेकांचे हात एकमेकांना दिले आणि बाजूला झाल्या.

दोन-तीन मिनिटं ते एकमेकांची बोटं, मनगटं, कोपरं चाचपत होते. मग सुरू झालं. मी इतके जलद हात कधी पाहिले नव्हते. याचे वर, त्यांचे खाली, मग उलट. मधेच शिंपीदादा मान मागे टाकून हसले, आवाज करून, आणि दादाने त्यांच्या मांडीवर चापट मारली. मी भिंतीला टेकून खुर्चीवर बसले होते. पहिल्यांदाच असं झालं की तो बोलत होता आणि मधे आमच्यापैकी कुणी नव्हतं, ना आई, ना मी. तीन तास झाले. त्यांची बायको बाजारातून परत आली, आम्ही दोघी चहा प्यायलो. 

रिक्षात बसल्यावर मी तळव्यावर लिहिलं, काय बोललात?

"खूप," दादा म्हणाला.

काय?

त्याने थोडा विचार केला. मग माझा हात घेतला आणि माझी बोटं एकेक करून माझ्याच तळव्यावर मिटवली. तुला नाही.

मी हात मांडीवर ठेवला. रिक्षा खड्ड्यांतून चालली होती. शेजारी दादाची बोटं त्याच्या गुडघ्यावर अजून हलत होती, स्वतःशीच. मी ती वाचायचा प्रयत्न केला नाही.